ईम
इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातील एक लहान खेडे. लोकसंख्या ९६९ (२०११). ते शेफील्डच्या नैर्ऋत्येस सु. १८ किमी.वर, पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराळ प्रदेशात वसले आहे. १०८६ च्या ‘डूम्झडे बुक’ या महसुली पाहणीत त्याचा उल्लेख आढळतो. शिशाच्या खाणी हा येथील जुना व्यवसाय होय. तथापि गावाची ख्याती १६६५–६६ मधील प्लेगच्या साथीत ग्रामस्थांनी स्वतःवर घालून घेतलेल्या निर्बंधांमुळे आहे.

त्या काळी लंडनमध्ये प्लेगने थैमान घातले होते. तेथून ईममधील एका शिंप्याकडे आलेल्या कापडाबरोबर पिसवांवाटे हा रोग गावात शिरला, असे परंपरेने मानले जाते. त्या शिंप्याचा मदतनीस जॉर्ज व्हिकर्स हा पहिला बळी असून त्याचे दफन ७ सप्टेंबर १६६५ रोजी झाले. हिवाळ्यात साथ मंदावली. पण उन्हाळा येताच तिने पुन्हा उचल खाल्ली. जून १६६६ मध्ये धर्मोपदेशक विल्यम माँपेसन आणि धर्ममतभेदामुळे पदच्युत झालेला त्याचा पूर्वाधिकारी टॉमस स्टॅन्ली यांनी परस्परविरोध बाजूस ठेवून ग्रामस्थांपुढे तीन गोष्टी मांडल्या : मृतांना त्यांच्या नातलगांनीच घराजवळ पुरावे, प्रार्थना चर्चमध्ये न भरविता उघड्यावर भरवाव्यात आणि कोणीही गावाची शीव ओलांडू नये. काही सधन कुटुंबे तत्पूर्वीच निघून गेली होती आणि माँपेसननेही आपली मुले बाहेरगावी पाठविली होती. परंतु उरलेल्या बहुतेकांनी हा निर्बंध पाळला. डेव्हनशरच्या अर्लने अन्नसामग्री पुरविली. शेजारच्या गावांचे लोक शिवेवर जिन्नस ठेवून जात व त्यांचे मोल म्हणून ठेवलेली, व्हिनेगरमध्ये बुडविलेली नाणी घेऊन परतत.

ऑगस्टमध्ये मृत्यूंनी कळस गाठला. एलिझाबेथ हँकॉक या स्त्रीने आठ दिवसांत पती व सहा अपत्ये यांना स्वतःच्या हातांनी पुरले. माँपेसनची पत्नी कॅथरिन हीही त्याच महिन्यात मरण पावली. नोव्हेंबरच्या प्रारंभी साथ संपली, तोवर सु. २६० लोक दगावले होते. गावची वस्ती केवळ ३५० होती, असे पूर्वी समजत. नंतरच्या संशोधनानुसार ती याच्या सुमारे दुप्पट असावी. म्हणजे तीन-चतुर्थांश नव्हे, तर सुमारे एक-तृतीयांश लोक मृत्यू पावले असावेत.

या निर्बंधाचे मूल्यमापन सोपे नाही. आसपासच्या गावांत साथ पसरली नाही, याचे श्रेय त्याला दिले जाते. मात्र एकत्र कोंडले गेल्याने गावातील मृत्यू वाढले असावेत, असाही एक मतप्रवाह आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासात येथील सु. तीन-चतुर्थांश संसर्ग माणसाकडून माणसाकडे झाल्याचा अंदाज वर्तविण्यात आला. म्हणजे बाहेरच्यांना मिळालेल्या संरक्षणाची किंमत घराघरांतून मोजली गेली.

गावातील सेंट लॉरेन्स चर्चच्या आवारात आठव्या शतकातील अँग्लो-सॅक्सन दगडी क्रूस, कॅथरिनची समाधी आणि चर्चच्या भिंतीवर १७७५ चे सूर्यघटियंत्र आहे. गावाबाहेर रायली येथे हँकॉक कुटुंबाच्या कबरी, उघड्यावरील प्रार्थनेची ‘कक्लेट डेल्फ’ ही घळ, माँपेसनची विहीर आणि नाणी ठेवण्यासाठी खळगे असलेला सीमाशिळेचा दगड ही स्थळे दाखविली जातात. ईम हॉल ही सरदारी वास्तू साथीनंतर थोड्याच वर्षांत, १६७० च्या दशकात बांधली गेली. कवयित्री अ‍ॅना स्यूअर्ड हिचा जन्म येथेच १७४२ मध्ये झाला. साथीची माहिती देणारे संग्रहालय १९९४ मध्ये उघडण्यात आले. दरवर्षी ऑगस्टच्या अखेरच्या रविवारी कक्लेट डेल्फ येथे मृतांच्या स्मरणार्थ प्रार्थना होते.