सात दिवसांच्या मुक्कामाचे औषध

भोजनानंतर आपल्या आतड्यांतून जीएलपी-१ नावाचे एक संप्रेरक रक्तात उतरते, जठराला सावकाशीने काम करावयास लावते, मेंदूला ‘आता पुरे’ अशी वर्दी देते आणि काही मिनिटांतच नाहीसे होते. त्याच घडणीचे सेमाग्लुटाइड हे औषध मात्र रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला बिलगून राहत असल्यामुळे, त्याचे प्रमाण निम्म्यावर यावयास सुमारे सात दिवस लागतात. आठवड्यास एकच सुई पुरते ती यामुळे. आणि ते एखाद्यास सोसले नाही, तर तो उपद्रव संध्याकाळपर्यंत मिटत नाही तोही यामुळेच.

म्हणून त्याची मात्रा पायरीपायरीने चढवावयाची असते. वजन उतरविण्यासाठी प्रारंभी चार आठवडे ०.२५ मिलिग्रॅम, आणि मग दर चार आठवड्यांनी एकेक पायरी वर जात, चार महिन्यांनंतर २.४ मिलिग्रॅम. पहिल्या मात्रेने काटा फारसा हलत नाही, कारण ती जठराला सवय लागावी म्हणूनच योजलेली असते. लग्नाची तारीख जवळ आली म्हणून मधल्या पायऱ्या गाळणे, किंवा दुसऱ्याच्या नावे लिहून दिलेले पेन आपण टोचून घेणे, याला मी साहस न म्हणता अविचारच म्हणेन.

ताटात भाकरीचा चतकोर उरला असताना पोट भरल्याची जाणीव होते, आणि पानात टाकू नये या लहानपणच्या शिकवणीला स्मरून तो चतकोर जो बळेच गिळतो, त्याला थोड्याच वेळात मळमळ गाठते. तो चतकोर खुशाल ठेवावा. पुढच्या वेळी मुळात कमी वाढून घ्यावे, तळलेले टाळावे. उलट्या-जुलाब थांबत नसतील, तर शरीरातील पाणी आटून मूत्रपिंडांस इजा पोहोचू शकते; आणि पोटातील तीव्र कळ पाठीकडे जाऊन टिकून राहिली, तर तो स्वादुपिंडाचा दाह असू शकतो, तेव्हा पुढची सुई तहकूब ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे. पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो. चरबीबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून भूक मंदावली तरी डाळ, उसळ, अंडी, दूध आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम सोडू नये.

ज्यांच्या कुटुंबात थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झालेला आहे, त्यांना हे औषध वर्ज्य आहे; गर्भधारणेचा विचार असणाऱ्या स्त्रीने ते निदान दोन महिने आधी थांबवावे.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरले, हे खरेच. परंतु त्यातील ज्यांची औषध थांबविल्यानंतर वर्षभर पाहणी झाली, त्यांचे उतरलेल्यापैकी दोन-तृतीयांश वजन परत आले. तेव्हा हे औषध घ्यावयाचे तर दीर्घ मुदतीची तयारी ठेवूनच.

आणखी एक विनंती. शस्त्रक्रियेपूर्वी रात्रभर उपाशी राहिल्यानंतरही या औषधामुळे जठरात अन्न शिल्लक असू शकते, आणि भूल दिल्यावर ते फुप्फुसांत शिरू शकते; म्हणून आपण ही सुई घेतो आणि शेवटची कोणत्या दिवशी घेतली, हे भूलतज्ज्ञांनी विचारण्याची वाट न पाहता, शस्त्रक्रियेची तारीख ठरते त्याच वेळी त्यांना सांगावे.