पायाच्या आधी हात

७ ऑक्टोबर २०२१ची रात्र. सिअ‍ॅटलच्या मैदानावर सीहॉक्स आणि लॉस एंजेलिस रॅम्स यांचा सामना चालू होता. सीहॉक्सचा पंटर, म्हणजे चेंडू किक मारून दूर धाडणारा खेळाडू, मायकल डिक्सन याने पंधरा यार्ड मागे उभं राहून चेंडू झेलला, पुढे सोडला आणि किक मारली. रॅम्सच्या एका खेळाडूने झेप घेऊन ती वाटेतच अडवली. चेंडू गवतावर वेडावाकडा उसळत सुटला. अमेरिकन फुटबॉलमध्ये असं झालं की पंटरचा संघ तो डाव गेला असंच धरून चालतो. डिक्सनने मात्र धावत जाऊन, वाकून, एका झटक्यात चेंडू उचलला, तो उजव्या अंगाला पळाला आणि अंगावर येणारी माणसं चुकवत पळतापळताच पुन्हा किक मारली. ही दुसरी किक ६८ यार्डांची म्हणून नोंदली गेली. असं करता येतं का, हे ठरवायला पंचांना एकत्र जमावं लागलं. करता येतं. अडवलेला चेंडू डाव जिथून सुरू झाला त्या रेषेच्या मागेच हाती आला, तर नियम दुसऱ्या किकला मनाई करत नाही. फक्त तसं करणारा माणूस सहसा तिथे नसतो.

अमेरिकेत त्या किकची चित्रफीत कित्येक दिवस फिरत होती. ऑस्ट्रेलियात ज्याने लहानपण फुटबॉलच्या मैदानावर घालवलं, त्याला त्यात ओळखीचंच काहीतरी दिसलं असणार. घरंगळता चेंडू धावत उचलायचा आणि धक्का बसण्याच्या आत लांब पाठवायचा, हे तिथल्या खेळात प्रत्येक सामन्यात होतं. डिक्सन सिडनीचा. सिडनी स्वान्स या क्लबच्या अकादमीत तो घडला, पण त्यांच्या मुख्य संघापर्यंत पोहोचला नाही.

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड आपल्याला क्रिकेटमुळे परिचयाचं आहे. मेलबर्नच्या माणसासाठी वर्षाचा मोठा भाग ते ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं मैदान असतं, आणि या दोन खेळांचं नातं जन्मापासूनचं आहे. १८५८ साली टॉम विल्स या क्रिकेटपटूने वर्तमानपत्राला पत्र लिहून सुचवलं की हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग आखडू नये म्हणून एखादा फुटबॉल क्लब काढावा. पुढच्या वर्षी नियम लिहिले गेले. आज हा खेळ असा: क्रिकेटच्या लंबगोल मैदानावर अठरा-अठरा खेळाडू, ऑफसाइड नाही आणि चेंडू हाताने फेकायला बंदी. चेंडू सहकाऱ्याकडे द्यायचा तर एका हातावर धरून दुसऱ्या मुठीने ठोसायचा, नाहीतर किक मारायची. कोणीही मारलेली लांब किक हवेत स्वच्छ झेलली की झेलणाऱ्याला निवांत, विनाअडथळा पुढची किक मिळते. म्हणजे नुसतं लांब मारून भागत नाही. चाळीस-पन्नास मीटरवर पळत असलेल्या सहकाऱ्याच्या छातीवर चेंडू उतरवावा लागतो. या खेळात किक हाच पास असतो. बचाव करणारा, मधला, गोल मारणारा, सगळ्यांनाच ती यावी लागते, आणि बरी म्हणण्याजोगी दोन्ही पायांनी.

अमेरिकन फुटबॉलमध्ये किक बहुतांशांना येतच नाही, आणि यावी अशी अपेक्षाही नसते. तिथे संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. तीन प्रयत्न फसले की चौथ्यावर धोका न पत्करता चेंडू शक्य तितका दूर, प्रतिस्पर्ध्याच्या टोकाला पाठवून द्यायचा. हीच पंट. त्यासाठी ठेवलेला माणूस सामन्यात चार-पाच वेळा मैदानात येतो आणि लगेच बाहेर जातो. चेंडू मागे आल्यापासून किक सुटेपर्यंत त्याला साधारण दोन सेकंद मिळतात. चेंडू हवेत साडेचार सेकंदांच्या आसपास राहिला पाहिजे, म्हणजे आपली माणसं धावत जाऊन झेलणाऱ्याला गाठतील. तो फार लांब जाऊन गोलक्षेत्रात शिरला तर प्रतिस्पर्ध्याला फुकटात वीस यार्डांच्या रेषेवरून सुरुवात मिळते. आखूड पडला तर नाचक्की. त्यामुळे नुसता दणकट पाय इथे पुरत नाही.

दणकट पायांची अमेरिकेला कधी कमतरताही नव्हती. ऑस्ट्रेलियातून जे गेलं ते मुख्यतः हाताचं कसब होतं, असं मला या सगळ्या इतिहासाकडे पाहताना वाटतं. पंट शिकवणारे पायाआधी चेंडू सोडणाऱ्या हाताकडे बघतात. भरलेली वाटी ताटात ठेवावी तसा चेंडू न हिंदकळता हवेत सोडायचा. तो सुटताना बोटभर कलला तर पाय कितीही सरळ गेला तरी किक भरकटते. अमेरिकन मुलगा हे वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, निवडीने शिकू लागतो. ऑस्ट्रेलियन मुलाने तोवर वारा, पाऊस आणि चिखलात, पळताना आणि ढकलला जात असताना हजारो वेळा चेंडू सोडलेला असतो. चेंडू वाईट आला तरी तो कसा सोडायचा हे हाताला माहीत असतं.

किकच्या जातीही वेगळ्या. अमेरिकन पंटर पारंपरिकरीत्या चेंडू आडवा सोडून पिळाची किक मारतो. चेंडू स्वतःच्या लांब अक्षाभोवती फिरत हवा कापत जातो, म्हणून लांब जातो, पण जमिनीवर पडल्यावर कुठे उसळेल याचा भरवसा नसतो. ऑस्ट्रेलियन ड्रॉप पंटमध्ये चेंडू उभा सोडून त्याच्या खालच्या टोकावर पाय बसवतात. तो उलट्या गिरक्या घेत जातो, थोडा कमी जातो, पण बेताने जातो, आणि पडल्यावर बरेचदा पुढे पळण्याऐवजी जागीच उसळतो किंवा मागे येतो. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपासून पाच-सात यार्डांवर चेंडू थांबवायचा असेल तर असाच चेंडू हवा.

ही किक अमेरिकेत रुजवण्याचं श्रेय डॅरन बेनेटचं. तो वेस्ट कोस्ट ईगल्स आणि मग मेलबर्नकडून खेळलेला उंचापुरा गोल मारणारा खेळाडू होता. १९९३ साली लग्नानंतर पत्नीबरोबर अमेरिकेत फिरायला गेला असताना त्याने सॅन डिएगो चार्जर्सकडे चाचणी मागितली. तेव्हा त्याचं वय तिशीकडे झुकलेलं होतं. एक वर्ष सरावसंघात गेलं, मग अ‍ॅम्स्टरडॅम अ‍ॅडमिरल्स या युरोपातल्या संघाकडून अनुभव घेतला, आणि १९९५मध्ये चार्जर्सकडून पहिल्याच हंगामात त्याची निवड वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या प्रो बोल सामन्यासाठी झाली. पुढे एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने १९९०च्या दशकाचा सर्वोत्तम संघ निवडला, त्यातही तो होता. मैदानाच्या टोकाजवळ ड्रॉप पंट वापरणं हे आज सगळ्याच पंटरना करावं लागतं. बेनेटच्या आधी ते जवळपास कोणी करत नव्हतं.

बेनेटच्या कितीतरी आधी एक जण येऊन गेला होता. पॅट ओडी, जन्म १८७२, व्हिक्टोरियातल्या किल्मोर गावचा. त्याचा भाऊ अँडी विस्कॉन्सिन विद्यापीठात नौकावल्हवणीचा प्रशिक्षक होता. १८९६मध्ये पॅट त्याच्याकडे मॅडिसनला आला, फुटबॉल संघात शिरला आणि पुढची चार वर्षं त्याने आपल्या पायाने प्रेक्षकांना वेड लावलं. ‘कांगारू किकर’ हे नाव त्याला तिथेच पडलं. १८९८मध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध त्याने ६२ यार्डांवरून गोल केला, चेंडू जमिनीवर टाकून उसळताक्षणी मारलेल्या किकने. त्याच्या काही किक्सच्या अंतराबद्दल असे आकडे सांगितले जातात की ते मी इथे लिहिणार नाही. या गोलाची नोंद मात्र पक्की आहे.

पुढे तो सॅन फ्रान्सिस्कोत वकिली करू लागला आणि १९१७च्या सुमारास अचानक दिसेनासा झाला. पहिलं महायुद्ध चालू होतं. तो ऑस्ट्रेलियन सैन्यात गेला आणि मारला गेला असं लोकांनी धरून चाललं. १९३४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्राने बातमी दिली की कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात एका लाकूड कंपनीच्या वेस्टवूड नावाच्या गावात चार्ल्स मिचेल म्हणून जो गृहस्थ नोकरी करतो, तोच पॅट ओडी आहे. सतरा वर्षं तो दुसऱ्या नावाने जगत होता. कारण त्याने सरळ सांगितलं: जो भेटेल तो आपल्याशी जुन्या फुटबॉलबद्दलच बोलतो, याचा त्याला वीट आला होता. मॅडिसनला त्याला सन्मानाने परत बोलावलं गेलं. १९६२मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली आणि त्याच वर्षी तो वारला. खेळ सोडल्यावर उरलेल्या माणसाचं काय होतं, हा प्रश्न या वाटेवरच्या पहिल्याच माणसाने इतक्या टोकाला जाऊन जगून दाखवला. ही गोष्ट वाचल्यापासून त्याची ती सतरा वर्षं माझ्या मनातून गेलेली नाहीत.

ओडी खेळला तो विद्यापीठाकडून. एनएफएलमध्ये खेळलेला पहिला ऑस्ट्रेलियन म्हणून कॉलिन रिजवेचं नाव घेतात. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये तो उंच उडीत उतरला होता आणि १९६५मध्ये डॅलस काउबॉइजकडून मोजके सामने खेळला. त्यानंतर बेनेटपर्यंत मोठी पोकळी आहे.

बेनेटनंतर काही नामवंतांनी कारकीर्दीच्या उतारावर हा रस्ता धरला. बेन ग्रॅहम हा जिलाँग क्लबचा कर्णधार राहिलेला, २१९ सामने खेळलेला खेळाडू. २००५मध्ये तो न्यूयॉर्क जेट्समध्ये ३१व्या वर्षी नवखा म्हणून दाखल झाला आणि २००९मध्ये अ‍ॅरिझोना कार्डिनल्सकडून सुपर बोल हा एनएफएलचा अंतिम सामना खेळणारा पहिला ऑस्ट्रेलियन ठरला. साव रोक्का तर ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या ७४८ गोलांचा धनी. २००७मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला घेतलं तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. ज्यांच्या नावाने स्टेडियम दुमदुमायचं, ते आता सामन्याचा बहुतेक वेळ मैदानाच्या कडेला उभे राहत. दोन तास अखंड पळणाऱ्या माणसाला ही प्रतीक्षा सोसणं सोपं नसणार. तरी दोघेही टिकले. रोक्काने अमेरिकेत सात हंगाम काढले.

पण आजचा ओघ या नामवंतांमुळे आलेला नाही. तो आला नेथन चॅपमनमुळे, आणि चॅपमन स्वतः तिथे स्थिरावू शकला नव्हता. ब्रिस्बेनकडून खेळलेला चॅपमन २००४मध्ये ग्रीन बे पॅकर्सच्या शिबिरात होता. हंगाम सुरू होण्याआधी त्याला सोडून देण्यात आलं. परत आल्यावर २००७मध्ये त्याने जॉन स्मिथ यांच्याबरोबर मेलबर्नमध्ये प्रोकिक ऑस्ट्रेलिया ही प्रशिक्षणसंस्था काढली. त्याला एक गोष्ट नेमकी कळली होती. एनएफएलचं दार थेट ठोठावण्यापेक्षा अमेरिकन विद्यापीठांकडे जावं. तिथे शंभराहून अधिक मोठे संघ आहेत, प्रत्येकाला पंटर लागतो आणि त्या जागेसाठी शिष्यवृत्ती मिळते. ही शिष्यवृत्ती म्हणजे शिकवणीचा, राहण्याचा आणि जेवणाचा खर्च, आणि शेवटी पदवी. या एका संस्थेतून आजवर दोनशेहून जास्त तरुण अमेरिकेत गेले आहेत.

विद्यापीठांचे नियमही त्यांच्या पथ्यावर पडले. एनएफएलमध्ये किक सुटेपर्यंत फक्त दोन्ही कडांचे दोघे पुढे धावू शकतात. कॉलेज फुटबॉलमध्ये चेंडू मागे गेल्याबरोबर सगळ्यांना धावता येतं. म्हणजे पंटरने चेंडू घेऊन एका बाजूला थोडं पळत जावं, क्षणभर वेळ काढावा, तोवर आपली माणसं पुढे पोहोचतात. मग पळतानाच बुटकी, घसरत जाणारी किक मारावी. एका जागी उभं राहून किक मारायला शिकलेल्या मुलाला हे जड जातं. ऑस्ट्रेलियन मुलगा दुसरं काही करतच आलेला नसतो.

सर्वोत्तम विद्यापीठीय पंटरला रे गाय पुरस्कार मिळतो. रे गाय हा व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला निव्वळ पंटर. २०१३ ते २०१७ अशी सलग पाच वर्षं हा पुरस्कार ऑस्ट्रेलियनांकडे गेला: मेम्फिसचा टॉम हॉर्न्सी, युटाचा टॉम हॅकेट दोनदा, युटाचाच मिच विशनाउस्की आणि टेक्ससचा डिक्सन. त्यानंतरही केंटकीचा मॅक्स डफी, रटगर्सचा अ‍ॅडम कोर्सॅक, आयोवाचा टोरी टेलर ही नावं त्या यादीत आहेत. यातला डफी फ्रीमँटल क्लबच्या संघयादीत होता. बाकीच्यांपैकी बहुतेकांना ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या वरच्या पातळीवर जागाच मिळाली नव्हती. विशनाउस्की पर्थमध्ये खिडक्यांच्या काचा बसवण्याचं काम करायचा. शाळा अर्धवट सोडलेला हा मुलगा आधी सॅन्टा बार्बराच्या दोन वर्षांच्या कॉलेजात आणि मग युटा विद्यापीठात गेला, आणि २०१९मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सने त्याला नवख्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत चौथ्या फेरीत घेतलं. पंटरला इतक्या वरच्या फेरीत क्वचितच घेतात. कारकीर्द बदललेल्या खेळाडूंची कथा म्हणून हे सगळं सांगितलं जातं. मला ती जास्त करून निवडीत गळालेल्या मुलांची कथा वाटते. एका खेळाने ज्यांना पुरेसे चांगले नाहीत म्हणून बाजूला ठेवलं, त्यांच्याकडे उरलेलं साधं, सगळ्यांना येतं असं कौशल्य दुसऱ्या खेळात दुर्मीळ होतं.

सगळ्यांचं भलं झालं असं नाही. अ‍ॅरिन सिपोस सेंट किल्डाकडून खेळला, मग ऑबर्न विद्यापीठात आणि फिलाडेल्फिया ईगल्समध्ये गेला. फेब्रुवारी २०२३च्या सुपर बोलमध्ये शेवटच्या टप्प्यात त्याची एक किक सपाट आणि आखूड निघाली. कॅन्सस सिटीच्या केडेरियस टोनीने ती ६५ यार्ड परत आणली. सुपर बोलच्या इतिहासात पंट इतकी लांब परत कोणी आणली नव्हती. ईगल्स तीन गुणांनी हरले. सामन्यात चुका इतरांच्याही झाल्या होत्या, पण पंटरची चूक झाकायला त्याच्याकडे दुसरी पन्नास कामं नसतात.

अमेरिकेत या मुलांच्या वयावरून कुरबुर चालते. १८ वर्षांच्या स्थानिक मुलाची जागा पंचविशीतला परदेशी घेतो, हे अन्यायाचं असल्याचं म्हटलं जातं. तक्रारीत तथ्य आहे. डफीने पुरस्कार जिंकला तेव्हा तो २६चा होता. तरी मी या परक्यांच्याच बाजूचा आहे. काही वर्षं मजुरी करून पुन्हा वर्गात बसणाऱ्या माणसाला विद्यापीठाने जागा देणं मला योग्य वाटतं.

दुसरा अन्याय कमी बोलला जातो. २०२१पासून अमेरिकन विद्यापीठीय खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींचे पैसे मिळवता येऊ लागले; विद्यार्थी व्हिसावरच्या परदेशी खेळाडूंना व्हिसाच्या अटी आड येतात. मेलबर्नचा टोरी टेलर आयोवात घराघरात पोहोचला होता. आयोवाची आक्रमक फळी इतकी अडखळायची की पंटरच संघाचा आधार झाला. पंट हाच विजय अशा अर्थाच्या घोषणेचे त्याचे टी-शर्ट खपत होते. त्यातला त्याचा वाटा धर्मादाय कामाला गेला. २०२३च्या हंगामात त्याने ९३ पंट मारल्या, एकूण ४४७९ यार्ड, आणि १९३८पासून टिकलेला एका हंगामातला विक्रम मोडला. तोवर या पायाची कमाई म्हणजे शिष्यवृत्ती आणि पदवी. एप्रिल २०२४मध्ये शिकागो बेअर्सने त्याला चौथ्या फेरीत, १२२व्या क्रमांकावर निवडलं. एनएफएलमध्ये त्या वर्षी नवख्या खेळाडूचा किमान पगारच ७,९५,००० डॉलर होता.