जनगणनेला उत्तर द्यायला लोक का कचरतात?

परवा सोसायटीच्या ग्रुपवर एका काकूंनी विचारलं, "जनगणनेत खरं सांगितलं तर घरपट्टी वाढेल का हो?"

मी शिक्षक. 2011 ला प्रगणक होतो. तेव्हाही दारोदार हेच ऐकलं.

भाडेकरूला घरमालकाची धास्ती. कुणाला रेशनकार्ड कापलं जाण्याची, कुणाला इन्कम टॅक्सची. काहींना वाटतं, कागदपत्रं मागतील.

कागदपत्रं लागत नाहीत, तोंडी उत्तर पुरतं. जनगणना अधिनियम 1948, कलम 15 नुसार तुमची माहिती बाहेरच्या कुणाला पाहता येत नाही. या कायद्याखालचे खटले सोडले, तर कोर्टात पुरावा म्हणूनही ती चालत नाही. प्रगणकाने ती फोडली, तर शिक्षा त्यालाच.

गंमत कलम 8 मध्ये आहे. उत्तर देणं बंधनकारक, पण रूढीमुळे नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बाईवर ते सांगायची सक्ती नाही!

2011 च्या मोजणीनंतरच्या पडताळणीत हजारामागे सुमारे 23 माणसं सुटल्याचं दिसलं. शाळा, दवाखाने, पाणी यांचं नियोजन याच आकड्यांवर होतं. सुटलेल्यांचा वाटा धरणार कोण?

अजून शंका असतील तर बिनधास्त विचारा. माहीत आहे तेवढं नक्की सांगेन.