पाच क्लिप, एक व्हिडिओ: गिऱ्हाईक शेवटपर्यंत बघेल असं जोडा



समजा, तुम्हाला तासगावचा बेदाणा विकायचाय. मोबाईलमध्ये पाच क्लिप आहेत: द्राक्षाची काढणी, डिपिंग, शेडमधली रॅक, निवडणी आणि पॅकिंग. या सुट्या पाठवल्या तर पुण्याचा व्यापारी पहिली उघडतो, बाकीच्या तशाच राहतात. पॅकिंग त्यानं बघितलंच नाही, तर ऑर्डर कशाच्या भरवशावर देणार? साताऱ्याच्या कंदी पेढ्याचंही तेच. खवा भाजण्यापासून बॉक्सपर्यंत सलग दिसलं की माणूस विचारतो, "किलोला काय भाव?" म्हणून सगळ्याची एक फाईल करायची.

कुठे जोडायचं?

यूट्यूबचा स्वतःचा व्हिडिओ एडिटर होता, तो २०१७ मध्ये बंद झाला. आता ब्राउझरमध्ये चालणारं क्लिपचॅम्प, कॅनव्हा किंवा कॅपविंग घ्या. पद्धत सगळीकडे जवळपास सारखीच: क्लिप आत घ्या, टाइमलाइनवर क्रमानं लावा, नको तो भाग कापा, एमपी४ मध्ये एक्सपोर्ट करा. मोफत प्लॅनमध्ये वॉटरमार्क येतो का, ते आधी दहा सेकंदांच्या क्लिपवर तपासा.

जोडण्याआधी ही चार कामं करा

१. नावं द्या. ०१-काढणी, ०२-डिपिंग, ०३-शेड. क्रम चुकत नाही.

२. मूळ फाईल मागवा. शेडवरच्या माणसानं व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ पाठवला की तो दाबला जातो आणि धूसर दिसतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

३. आडवं-उभं एकत्र करू नका. एक क्लिप आडवी आणि एक उभी असेल तर बाजूला काळे पट्टे येतात. शॉर्ट्स, रील आणि स्टेटससाठी सगळं उभंच शूट करा, म्हणजे ९:१६.

४. आधी कापा, मग अपलोड करा. १०८० मधली एक मिनिटाची क्लिप फोनप्रमाणे साधारण ६० ते १३० एमबी होते. ५०० एमबी चढवायला ५ एमबीपीएस अपलोड स्पीडवर तेरा-चौदा मिनिटं जातात. गावाकडच्या नेटवर मध्येच तुटलं की पुन्हा पहिल्यापासून! क्लिपचॅम्प व्हिडिओ तुमच्याच कॉम्प्युटरवर प्रोसेस करतं, तिथं हा त्रास कमी.

कुठलीही वेबसाईट उघडू नका

'फ्री व्हिडिओ जॉइनर' शोधलं की ढीगभर साईट दिसतात. अनोळखी साईटवर फाईल टाकली की ती त्यांच्या सर्व्हरवर जाते. त्यामुळे क्लिपमध्ये गिऱ्हाइकाचं बिल, कुणाचा मोबाईल नंबर किंवा भावाची वही दिसत नाही ना, हे आधी बघा. 'व्हिडिओ जोडायला हे सॉफ्टवेअर डाऊनलोड करा' असं आलं की टॅब सरळ बंद. सिनेमातलं गाणंही लावू नका, कॉपीराइटचा दावा येऊ शकतो. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत संगीत मिळतं.

क्रम कसा ठेवायचा?

पहिल्या तीन सेकंदांत तयार माल दाखवा, मग तो कसा बनतो ते, आणि शेवटी पॅकिंग, तुमचं नाव आणि नंबर. शॉर्ट्स आता तीन मिनिटांपर्यंत चालतात, पण आपल्याला साठ सेकंद पुरतात.

जोडलेली फाईल तयार झाली म्हणून मूळ क्लिप डिलीट करू नका. बेदाण्याचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. शेड रिकामी झाली की तो शॉट पुढच्या वर्षीच मिळणार. ड्राइव्हवर 'बेदाणा' नावाचं फोल्डर करा आणि आजच्या आज क्लिप त्यात टाका.