पंचवीसचे बावन्न का होतात?

पाचवीतल्या मुलाला ‘पंचवीस लिही’ म्हणावे आणि त्याने 52 लिहून दाखवावे, हा अनुभव मराठी शाळेतील शिक्षकाला नवा नाही. मग आपण शिक्का मारतो, ‘ढ आहे’. पालकही मान डोलावतात, ‘गुरुजी, डोकंच नाही त्याला, बसू दे मागं.’

असे शिक्के मीही पुष्कळ मारले. पण ते मूल ऐकलेल्या क्रमानेच लिहीत असते. पंचवीस म्हणताना कानावर आधी पाच पडतात, मग वीस. एकोणतीसचा घोटाळा याहून मोठा. तोंडाने म्हणायचे तीस आणि लिहायचे दोनावर नऊ! मूल 39 लिहिते आणि बोलणी खाते. बालभारतीने 2019 साली दुसरीच्या गणितात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन दिले, तेव्हा केवढी थट्टा झाली. अडचण मात्र खरी होती.

सीमाभागातल्या मुलांपाशी यावर एक उपाय आयताच आहे. कन्नडमध्ये पंचवीसला ‘इप्पत्तैदु’ म्हणतात; इप्पत्तु म्हणजे वीस, ऐदु म्हणजे पाच. एकोणतीस ‘इप्पत्तोंबत्तु’, म्हणजे वीस आणि नऊ. बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच. आईबरोबर बाजारात मिरच्या विकायला बसणाऱ्या पोराला हे आकडे तोंडपाठ असतात. समितीच्या बैठकीत मी हे मांडले तेव्हा काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या. मराठी शाळेत कन्नड आकडे? मराठीच्या हक्कासाठी मीही त्यांच्याच शेजारी सतरंजीवर बसतो. पण गणितात नापास होऊन मूल शाळाच सोडून गेले, तर मराठी टिकणार कुणाच्या तोंडी?

वर्गात आम्ही करतो ते साधेच आहे. जोंधळ्याच्या ताटाच्या दहा-दहा काड्यांची जुडी बांधायची. दोन जुड्या, पाच सुट्या काड्या मुलाच्या हातात द्यायच्या. त्याने आधी ‘वीस आणि पाच’ म्हणायचे, अडले तर कन्नडात म्हणायचे, लिहायचे आणि शेवटी ‘पंचवीस’ म्हणायचे. परिपाठानंतर पंधरा मिनिटे, एका वेळी चार-पाचच मुले. गट इयत्तेवर नाही, चुकीवर पाडायचा. चौथीचा आणि सहावीचा मुलगा एकाच जागी अडला असेल तर दोघे एकत्र बसतात. चुकलेली वही खोडायची नाही, तीच आपल्याला वाट दाखवते.

पालकांनो, येत्या बाजाराला मुलाला बरोबर न्या. सुटे पैसे त्याच्या हाती द्या, हिशेब मोठ्याने करू द्या. एकोणसाठपाशी अडला तर डाफरू नका. ऐवत्तोंबत्तु म्हणून बघा.