वेल्डिंग करताना मध्येच होल्डर ठेवता कुठे?

पेरणी तोंडावर आली की दुरुस्त्या निघतात. कल्टिव्हेटरचा फण झिजलेला असतो, ट्रॉलीचा फाळका तुटलेला असतो. आता बऱ्याच जणांकडे छोटं वेल्डिंग मशीन आहे, काम घरीच उरकतं. चांगलंच आहे. पण एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा.

जोड अर्धा झालाय आणि लाईट गेली. होल्डर रॉडसकट लोखंडी टेबलावर ठेवला आणि आपण चहाला गेलो. मशीनचं बटण तसंच चालू. दहा मिनिटांनी लाईट आली. टेबलाला अर्थिंगचा क्लॅम्प लावलेला आहे आणि रॉड त्यालाच टेकलेला. तिथे कोणी नसताना ठिणगी पडते, किंवा रॉड चिकटून लाल होतो, केबल तापते, मशीन जळतं. शेजारी कडब्याची गंजी किंवा डिझेलचा कॅन असेल, तर पुढचं सांगायला नको.

*जोड मारताना आपलं लक्ष असतं. घात होतो तो होल्डर हातातून खाली ठेवल्यावर.*

*असं का होतं?*
मशीन चालू असेपर्यंत होल्डरमध्ये करंट असतो, जोड मारत नसलो तरी. साध्या मशीनवर तो साधारण 50 ते 80 व्होल्ट असतो. कोरड्या हाताला एखादवेळी जाणवणारही नाही. पण घामाने भिजलेला हात, ओला हातमोजा किंवा ओली जमीन असेल तर तोच जिवावर बेतू शकतो. म्हणून होल्डर काखेत धरणं, खांद्यावर टाकणं, मांडीवर ठेवणं एकदम बंद.

*मग ठेवायचा कसा?*

1) आधी रॉड काढा. उरलेला तुकडा बराच वेळ गरम असतो. तो जमिनीवर टाकू नका, कोरडी वाळू भरलेल्या डब्यात टाका. पोरंबाळं अनवाणी फिरतात, जनावरं तोंड घालतात.

2) होल्डरला एकच कायमची जागा करा. टेबलाशेजारी कोरड्या लाकडी खांबाला बाभळीची जाड खुंटी ठोका, कमरेच्या थोडी वर, उजव्या हाताला. लोखंडी खिळा किंवा हूक नको. प्लॅस्टिकचा पाईपही नको, गरम होल्डरने तो वितळतो.

3) होल्डर मुठीकडून अडकवा. रॉड धरणारं तोंड मोकळ्या हवेत राहिलं पाहिजे, कशालाही टेकता कामा नये.

4) केबल पायात येऊ देऊ नका. तिच्यावरून ट्रॅक्टर, ट्रॉली नेऊ नका. वरचं आवरण फाटलं असेल किंवा होल्डरची मूठ तडकली असेल तर आधी बदला, मग काम.

5) *जागेवरून उठलात की बटण बंद.* चहाला, फोनला, पाण्याची मोटर चालू करायला, कशालाही. लाईट गेली तर सगळ्यात आधी बटण बंद.

वायरवालं मिग मशीन असेल तर गन अशी टांगा की घोडा दाबला जाणार नाही. बाहेर आलेली वायर कापून टाका.

*हे कधीच नको*
❌ गॅस किंवा ऑक्सिजनच्या सिलिंडरवर होल्डर टांगणं
❌ ट्रॅक्टरच्या बॅटरीवर किंवा डिझेल टाकीवर ठेवणं
❌ तापलेला होल्डर पाण्यात बुडवून गार करणं

ठिणग्या 10 मीटरपर्यंत उडू शकतात. तेवढ्या अंतरात कडबा, भुसा, रिकामे बारदान ठेवू नका. पाण्याची बादली आणि वाळू हाताशी ठेवा, पण बादली मशीनपासून लांब. चालू मशीनवर पाणी मारायचं नाही. काम संपल्यावर लगेच कुलूप लावून जाऊ नका, अर्धा-एक तास लक्ष ठेवा. भुशातली ठिणगी आतल्या आत धुमसते आणि मग पेट घेते.

कोणाला शॉक बसला तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा, मग 108 ला फोन करा.

एक खुंटी, एक डबा आणि ओंजळभर वाळू. खर्च काही नाही, वेळ फार तर पंधरा मिनिटं. वर्षभराचा चारा, मशीन आणि आपला जीव त्यावर टांगलेला आहे असं समजा. आजच खुंटी ठोका आणि फोटो ग्रुपवर टाका, बघून आणखी चार जण ठोकतील.

ज्यांच्याकडे वेल्डिंग मशीन आहे त्यांना हा मेसेज नक्की पाठवा. घरात दुसरं कोणी मशीन वापरत असेल तर त्यांना वाचून दाखवा.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी