वेशीवरचा धूर

वेस आणि पैसा यांचे नाते फार जुने आहे. गावात शिरणाऱ्या मालावर जकात बसावी आणि तिच्यावरून नाक्यावर हुज्जत व्हावी, हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आले. १ जुलै २०१७ रोजी मुंबईचे जकात नाके बंद झाले, तेव्हा अनेकांना वाटले, सुटलो एकदाचे! पण वेस कुठे जात नाही, ती फक्त रूप बदलते. लंडन शहराने तर गाडीच्या धुरावरच जकात बसवली, आणि तिच्यापायी पाच स्थानिक मंडळांनी खुद्द महापौरांना उच्च न्यायालयात खेचले. लढाई सातासमुद्रापलीकडची खरी. पण तिची कैफियत ऐकताना आम्हां सिंधुदुर्गवासीयांना ती मुळीच परकी वाटत नाही.

या जकातीला तिकडे थोडक्यात ‘यूलेझ’ म्हणतात. ८ एप्रिल २०१९ रोजी लंडनच्या मध्यभागी ती प्रथम लागू झाली. पेट्रोलची गाडी साधारण २००६ च्या आधीची किंवा डिझेलची गाडी साधारण २०१५ च्या सप्टेंबरआधीची असेल, तर त्या हद्दीत चाक फिरवताच दिवसाचे साडेबारा पौंड द्यायचे. म्हणजे आपले हजाराहून अधिक रुपये! नाताळचा एक दिवस सोडला तर वर्षभर सुटका नाही. नाक्यावर शिपाई नाही की आडवा बांबू नाही. खांबावरचे कॅमेरे गाडीचा क्रमांक टिपतात, आणि पैसे भरले नाहीत तर दंडाची चिठ्ठी घरी येते.

२५ ऑक्टोबर २०२१ रोजी ही हद्द अठरापट वाढली. तेव्हाही कुरबूर झाली, पण ती निभावली. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये महापौर सादिक खान यांनी जाहीर केले की, पुढच्या ऑगस्टपासून अवघे लंडन, अगदी शेवटच्या उपनगरापर्यंत, या हद्दीत येईल. येथे ठिणगी पडली.

महापौरांच्या हट्टामागे कारण लहान नव्हते. दक्षिण लंडनमध्ये रहदारीच्या रस्त्यालगत राहणारी नऊ वर्षांची एक मुलगी २०१३ मध्ये दम्याने दगावली. तिच्या आईने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, आणि डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची नोंद केली. ब्रिटनमध्ये अशी नोंद त्यापूर्वी कधी झाली नव्हती. धूर उपनगराची सीमा पाहून थांबत नाही; मग उपाय तरी सीमेवर का थांबावा, असा महापौरांचा सवाल होता.

विरोधात उभी राहिलेली मंडळे होती बेक्स्ली, ब्रॉम्ली, हॅरो, हिलिंग्डन आणि लंडनबाहेरची सरे परगण्याची. यांतली दोन नावे आपल्याला अगदीच अनोळखी नाहीत. पंडित नेहरू शिकले ती शाळा हॅरोची. आणि आपली मुलेबाळे विमानातून उतरतात तो हीथ्रोचा तळ हिलिंग्डनच्या हद्दीत. पाचही मंडळांत तेव्हा हुजूर पक्षाची सत्ता आणि महापौर मजूर पक्षाचे, तेव्हा या भांडणात राजकारण नव्हते असे कोण म्हणेल? तथापि राजकारण बाजूला ठेवले तरी गाऱ्हाणे उरतेच. मध्य लंडनच्या माणसाला दाराशी भुयारी रेल्वे आहे. उपनगरात बस विरळ. रात्रपाळीची परिचारिका, अवजारे घेऊन फिरणारा नळकारागीर, आजारी आईकडे रोज जाणारी लेक यांना गाडीवाचून गत्यंतर नाही. आणि जुनी गाडी वापरतो तो काही हौसेने वापरत नाही.

सरेच्या रहिवाशांचे दुखणे याहून वेगळे. लंडनच्या महापौरांना मत देण्याचा त्यांना अधिकार नाही. जुनी गाडी मोडीत काढण्यासाठी महापौरांनी ११ कोटी पौंडांची मदत ठेवली, पण ती लंडनकरांसाठी. म्हणजे नोकरीसाठी वेस ओलांडायची, पैसे भरायचे, आणि मत नाही की मदत नाही!

२८ जुलै २०२३ रोजी निकाल लागला. न्यायमूर्तींनी पाचही मंडळांचे म्हणणे फेटाळले. महापौरांना तसा अधिकार आहे आणि लोकांची मते मागवण्याची रीतही कायद्याला धरून झाली, असे ठरले. आठवडाभर आधीच हिलिंग्डनमधल्या अक्सब्रिजच्या पोटनिवडणुकीत हुजूर पक्षाने अवघ्या ४९५ मतांनी जागा राखली होती, आणि याच जकातीने ती राखली असे सगळे म्हणत होते. २९ ऑगस्टला हद्द वाढली. रात्री-अपरात्री कॅमेऱ्यांच्या तारा कापल्या जाऊ लागल्या. महापौरांनीही थोडे नमते घेतले: मदत १६ कोटींपर्यंत नेली, ती सर्व लंडनकरांना खुली केली, उपनगरांना जोडणाऱ्या जलद बसगाड्याही धावू लागल्या. पुढे मे २०२४ मध्ये तेच महापौर तिसऱ्यांदा निवडून आले.

मदत आणि बस यांची आठवण भांडण पेटल्यावर जोराने का व्हावी? तीच आधी पुरेपूर दिली असती, तर तारा कापणाऱ्यांना शेजाऱ्यांची सहानुभूती मिळाली असती काय?

आता आपल्या अंगणात या. महाराष्ट्रात पंधरा वर्षे ओलांडलेल्या खाजगी गाडीवर २०१० पासून पर्यावरण कर आहे. पण तो गाडीच्या वयावर, वेशीवर नव्हे. वेशीवरचे आमचे भांडण टोलचे. मुंबई-गोवा महामार्गावर कणकवलीच्या दक्षिणेला ओसरगाव येथे नाका उभा राहिला आणि २०२२ मध्ये वसुलीची वेळ आली, तेव्हा सर्व पक्षांची माणसे एकदिलाने उभी ठाकली. जिल्ह्याची कचेरी ओरोसला. कणकवलीकराला एका दाखल्यासाठी जायचे तरी हा नाका ओलांडायचा. म्हणून एम. एच. ०७ क्रमांकाच्या गाड्यांना माफी द्या, ही मागणी झाली. टोल रस्त्याचा आणि जकात धुराची, हा भेद मोठा आहे. पण कट्ट्यावरचा सवाल तोच, “आमका कोणी इचारल्यान?”

या सवालाला दुसरी बाजूही आहे, आणि ती आम्ही मालवणच्या लोकांनी विसरू नये. दिवाळीच्या सुटीत आपण मुंबई-पुण्याहून, कोल्हापूरहून तारकर्लीला येता. अवश्य यावे, आमच्या खानावळी आणि होड्या तुमच्यावरच चालतात. पण त्या आठवड्यात मालवणच्या अरुंद बाजारपेठेत गाडीला गाडी लागते आणि समुद्राच्या वाऱ्यालाही डिझेलचा वास येतो. उद्या आमच्याच नगरपरिषदेने बाहेरच्या गाड्यांवर पैसे बसवायचे म्हटले, तर आम्ही टाळ्या वाजवू. मग कट्ट्याचा उतारू, देवगडचा आंबेवाला, कुडाळचा भाजीवाला वेशीवर उभा राहून आमचाच सवाल आम्हांला विचारील. त्याला काय सांगणार? “आमका माफी, तुमका पावती” हे न्यायाचे उत्तर नव्हे.

धूर कमी व्हायलाच हवा, आणि त्यासाठी कोणाला तरी खिशात हात घालावा लागणार, हे नाकारून चालणार नाही. प्रश्न क्रमाचा आहे. आधी वेशीपलीकडच्या माणसाला विचारावे. मग त्याला वेळेवर येणारी एस. टी. द्यावी, आणि वेशीबाहेर गाड्या उभ्या करायला जागाही. मग खुशाल पावती फाडावी. हा क्रम पाळला तर तक्रार करणारे राहतीलच, पण त्यांच्या तक्रारीत दम राहणार नाही.